काकूंच्या पंगतीतले मासे

ये गं श्रुती, अशी जवळ ये. दाराशी उभी राहून बोलू नकोस, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं हे तुला ठाऊक आहे. आता तू नाशकात आणि मी इथं समुद्राकाठी नवापूरला, हे मलाही कळतं, पण लिहायला बसले की समोर कुणीतरी बसवावं लागतं, नाहीतर माझा हात चालत नाही. चौथीपर्यंत शिकलेली तुझी आजी मी, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. तर तुला समोर बसवते आणि आधी रागावते. महिना झाला तू काचेच्या टाकीत मासे पाळलेस, आणि मला कुणी सांगितलं? तुझ्या आईनं, तेही भलत्याच विषयावर बोलता बोलता. फोटो बघितला. मासे छान आहेत, पण पोटं बघ त्यांची, टम्म! दिवसातून तीनदा डब्यातलं खाणं घालतेस म्हणे, आणि घरी यायला उशीर झाला की चौथ्यांदा, कारण बिचारे उपाशी असतील. त्या जातीला सिक्लिड म्हणतात हे नाव मी आत्ता ऐकलं, पण मासा लगेच ओळखला. चपटा, अंगावर उभे पट्टे, आणि माणूस जवळ गेलं की काचेला तोंड लावून बघत राहणारा. असले चार मासे मी बारा वर्षांची असताना आमच्या ओटीवर राहायला आले होते. त्यांना काय खाऊ घालावं यावरून त्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे काही झालं, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. मीच सांगायला हवं, कारण त्यातलं निम्मं माझ्या हातून झालं.

आमचं घर तेव्हा वाळूला लागूनच होतं. पुढं शेणानं सारवलेली ओटी, मागं चूल, आणि बाजूला बोंबील वाळत घालायच्या वलांड्या, म्हणजे बांबू उभे करून दोऱ्या ताणलेल्या. दोन दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगायचे, हे काम माझं. वारा आला की सगळे बोंबील एकदम हलायचे आणि एकमेकांना घासून सुकं सुकं वाजायचे. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता म्हणून कुणी विचारलं तर समुद्राच्या आधी मला तो आवाज आठवतो. खाली वाळूवर जाळी पसरून जवळा, म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी, वाळत घातलेला असे, गुलाबीसर, वाळूपेक्षा थोडा गडद. सकाळी तांदळाची भाकरी आणि रात्रीचं कालवण. रात्री मुरलेल्या त्या कालवणाची चव ताज्याला येत नाही, आणि माझी आय तर मुद्दाम सकाळसाठी वाटीभर राखून ठेवायची. बा होडीवर. तो फार बोलायचा नाही. बोलला की विनोद करायचा, आणि विनोद करून झाला की दुसरीकडे बघायचा, जणू तो बोललाच नाही. आय मात्र बोलायची दोघांच्या वाट्याचं.

आय पाटी घेऊन बोईसरला विकायला जायची आणि माझी शाळा सुटल्यापासून मी तिच्यामागं. तारापूरकडे विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता. कुठून कुठून माणसं आली होती. गोरे साहेब होते, हिंदी बोलणारे कामगार होते, आणि आपल्याच मुलखातले घाटावरचे लोक, जे बोईसरला खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे. बेटेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशाच दोन खोल्यांत माझ्या वयाच्या सुलभाचं घर होतं. तिचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणत, कारखान्याच्या सामानाच्या कोठीवर कामाला. माणसं कऱ्हाडकडची, घरात अंडंसुद्धा चालत नसे. सुलभाची आई, म्हणजे काकू, आयची पाटी लांबून दिसली तरी खिडकी लावून घ्यायच्या. पण त्यांच्या दारासमोर पिंपळाची सावली होती आणि आयला दम खायला तीच जागा सोयीची. आय सावलीत बसायची, काकू खिडकी लावायच्या, आणि सुलभा मागच्या दारानं बाहेर येऊन माझ्याशी सागरगोटे खेळायची. रोजचं ठरलेलंच होतं ते.

एक दिवस सुलभानं मला हाताला धरून आत ओढलं. खोलीत लोखंडी तिवईवर काचेची पेटी, आत पाणी, आणि पाण्यात चार मासे. एक गोरा साहेब काम संपवून मायदेशी गेला, त्यानं जाताना नानांना दिलेले. सोबत खाण्याचा एक छोटा डबा दिला होता, तो केव्हाच संपला होता. मी हसत सुटले. मासा पाटीत असतो, तव्यावर असतो, वलांडीवर असतो. पेटीत ठेवून त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं म्हणजे काय? पण पाच मिनिटं बघितलं आणि माझं हसू थांबलं. मी जन्मल्यापासून मासे बघत होते, पण मासा माझ्याकडे बघतोय असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

त्या एप्रिल महिन्यात सुलभाच्या मामाचं लग्न निघालं आणि ते सगळे दीड महिना कऱ्हाडला जायला निघाले. मासे कुठं ठेवायचे? शेजारच्यांनी हात झटकले. सुलभा म्हणाली, मथूकडे ठेवू. मथू म्हणजे मी. त्या वेळी आय नेहमीसारखी सावलीत बसली होती, खिडकी बंद होती, पण काकूंचा आवाज बंद खिडकीतूनही रस्त्यापर्यंत यायचा.

“अहो, कोळणीच्या घरी मासे ठेवायला देताय? आपण परत येईपर्यंत कालवण झालेलं असेल त्यांचं!”

मी आयकडे बघितलं. आयनं पदरानं तोंड पुसलं, उठली, आणि खिडकीवर दोन बोटांनी वाजवलं. खिडकी उघडली.

“काकू,” आय म्हणाली, “एवढुशा माशाचं कालवण करायला मी काय येडी हाय? मसाला वाया जाईल माझा.”

नाना आतून हसले. काकू लाल झाल्या. आय मात्र हसत नव्हती. “चार हाएत ना? मोजून द्या. मोजून परत देन. आमच्या घरी सोपवलेली वस्तू आमी खात नाय.”

परत येताना तीन मैल ती एक शब्द बोलली नाही, आणि आय तीन मैल गप्प राहिली म्हणजे तिला किती लागलं असेल ते मला कळलं. चारातला एक जरी मेला, तरी त्या रस्त्यावर सगळे हेच म्हणणार होते की खाल्ला. वर हसणारही होते. आयला लबाड म्हटलेलं सोसलं असतं, बाजारात ते रोजचंच. पण ठेवायला दिलेलं खाल्लं, हे तिला मरेपर्यंत सोसलं नसतं.

काकूंनी मासे तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून दिले आणि सोबत कणकेची पुडी. “रोज चार गोळ्या, वाटाण्याएवढ्या. आमच्याकडे कृष्णेच्या घाटावर माशांना कणीकच घालतात. पुण्य लागतं.” बानं रिकामी पेटी चुंबळ करून डोक्यावर घेतली आणि गावातून चालत आणली. अर्धं गाव मागून. कुणी विचारलं, “काय रं, काय घेतलंस?” तर बा म्हणाला, “म्हावऱ्याला घर बांधलंय. आपलं शाकारायचं राहिलंय, ते मागनं बघू.”

आता इथून आमच्या चुका सुरू होतात, आणि त्या चुका फक्त आमच्यासारख्या लोकांच्याच हातून होतील. पहिली अशी की आयनं पेटी बघितली आणि तिचा जीव वर आला. काचेला आतून सगळीकडे हिरवं शेवाळ. “काय गो ही घाण! पाव्हण्यांना अशात ठेवायचं?” तिनं नारळाची शेंडी आणि राख घेतली आणि पेटी अशी घासली, अशी घासली, की उन्हात बघवेना. दुसरी चूक म्हणजे कणीक. “पिठावर कधी मासोली जगते का?” असं म्हणून तिनं पुडी कोंबड्यांना घातली. आणि तिसरी, सगळ्यांत मोठी, ती म्हणजे आमचं प्रेम. आमच्याकडे जे चांगलं ते पाहुण्याला. घरचा जवळा, तोही निवडलेला, धुऊन खारटपणा काढून परत सुकवलेला, खलबत्त्यात कुटून आयनं डबीत भरला आणि चिमूट पाण्यात टाकली. मासे तुटून पडले! पाणी ढवळून निघालं. आयचा चेहरा असा फुलला की विचारू नकोस. “बघ, बघ गो, उपाशी मारली होती बिचाऱ्यांना पिठावर!” मग काय, जो येईल तो चिमूट टाकायचा. पाण्याला जाणारी बाई घागर टेकवून आत यायची आणि चिमूट टाकायची. ज्याच्या घरी मासा पकडतात त्याच्या घरी मासा भरवायला मिळतोय, याची सगळ्यांना एवढी मजा वाटत होती की दिवसातून सात आठ वेळा त्यांचं जेवण व्हायचं. मीसुद्धा. मी तर त्यांच्याशी बोलायचे, आणि बोलण्याचं निमित्त म्हणून टाकायचे.

एक गोष्ट मी बघितली होती आणि सोडून दिली होती. राखेच्या हातातून पेटीचा एक कोपरा सुटला होता, तिथं बोटभर हिरवं राहिलं होतं. जवळा खाऊन झाला की चारही मासे त्या कोपऱ्यात जाऊन काच चाटत बसायचे. दोन दिवसांत तो कोपराही स्वच्छ झाला. मला वाटलं, किती गुणी मासे, स्वतःचं घर स्वतः पुसतात.

आठवड्यानं त्यांची पोटं फुगली. आम्हाला वाटलं, बाळसं धरलं. मग त्यातला सर्वांत मोठा, ज्याच्या कल्ल्याशी निळसर ठिपका होता, तो खाईना. कडेला तिरका होऊन तरंगायचा, खाली जायचा आणि बूच वर यावं तसा परत वर यायचा. आयनं पाणी बदललं. गोड्या विहिरीचं पाणी आमच्याकडे जरा मचूळच, पण त्याची त्यांना कधी तक्रार नव्हती. मी नवस बोलले. बा येऊन बघून गेला, त्यानं विनोदसुद्धा केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मासा उलटा होऊन वर आला होता.

मी रडले. बाकीच्या तिघांची पोटंही तशीच दिसत होती, आणि काकूंना यायला अजून महिना होता. आय बराच वेळ तो मासा तळहातावर घेऊन बसून राहिली. आणि मग तिनं जे केलं ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. ती आत गेली, करंदी, म्हणजे छोटी कोळंबी, सोलायची बारकी सुरी आणली, ताट पालथं घातलं, आणि त्यावर मासा ठेवला.

“आय, काय करतेस?”

“विचारते त्याला, काय झालं म्हणून.”

माझ्या आयनं आयुष्यात किती मासे चिरले असतील कोण जाणे. लहानपणी ती मला म्हावरं साफ करताना पोटातलं दाखवायची. हलव्याच्या पोटात काय, घोळीच्या पोटात काय. काल तो मासा कुठं चरत होता ते आज ती मला ओट्यावर बसून सांगायची. पण ती माहिती कधी कुठल्या माशाच्या उपयोगाला पडेल असं तिला वाटलं नव्हतं. आता तिनं त्या चार बोटांच्या माशाचं पोट शिवण उसवावी तसं उघडलं. वरच जवळ्याचा गोळा होता. पाण्यानं फुगलेला, घट्ट, चिंचोक्याएवढा. आयनं तो बाजूला काढला. मग तिला आतडं दिसलं, आणि ती थांबली. जाळं शिवायचं सूत गुंडाळून ठेवावं तसं ते गोल गोल गुंडाळलेलं होतं. तिनं सुईच्या टोकानं ते उलगडायला घेतलं. उलगडतेय, उलगडतेय, संपेचना. ताटावर सरळ केलं तर माझ्या वितीपेक्षा जास्त भरलं.

“मथू,” ती म्हणाली, “सुरमईचं आतडं कसं असतं?”

“आखूड.”

“आन् बोयचं?”

बोय खाडीत चिखल आणि हिरवं चाटते. तिचं आतडं काढता काढता आम्ही कंटाळायचो. “लांब,” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला तो कोपरा आठवला. मी आयला सांगितलं की ते चौघं काच चाटायचे.

आयनं सुरी खाली ठेवली. “म्हावरं खानारा मासा हा नायच. हा पाल्यावरचा हाय. आन् त्याचं शेत मी राखेनं घासून काढलं.” मग ती हळूच म्हणाली, “मी मारला गो त्याला. खाऊ घालून मारला.”

त्या दिवशी चूल उशिरा पेटली. पण तू माझ्या आयला बघितलं नाहीस, ती हळहळत बसणारी नव्हती. दुपारी तिनं मला विहिरीवर पाठवलं, दगडाला धरलेलं शेवाळ खरवडून आणायला. लोक हसले, “काय मथू, भाजी महाग झाली का?” आणलेलं शेवाळ एका कौलाच्या तुकड्यावर पसरून आम्ही पेटीत ठेवलं. मासे दोन दिवस काहीच खाईनात. आय म्हणाली, नाय खाऊ दे, पोट रिकामं होऊ दे आधी. जो येईल त्याचा हात ती धरायची. “चिमूट नाय. पाव्हण्यांना पथ्य हाय.” तिसऱ्या दिवशी त्यातला एक कौलाशी आला आणि टोचू लागला. मग दुसरा. मी ओरडले तशी आय पिठाचे हात घेऊन धावत आली, आणि आम्ही दोघी पेटीसमोर उकिडव्या बसून राहिलो. चुलीवरची भाकरी करपली.

मग आयला नादच लागला. माठाची पानं उकळत्या पाण्यातून काढून दोऱ्यानं दगडाला बांधायची आणि तळाशी सोडायची. मोड आलेले वाल सोलून, उकडून, बोटांनी चुरडून एका दाण्याएवढेच घालायचे, जास्त नाही. जवळा बंदच केला, पण आठ दिवसांतून एकदा ताजी करंदी, तीही कच्ची, सुईच्या टोकाएवढे तुकडे करून. “मांसाची सवय असंल तर एकदम तोडू नये,” हे तिचं मत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जेवढं त्यांनी हाताची पाच बोटं मोजेपर्यंत संपवलं तेवढंच त्यांचं. उरलेलं लगेच काढायचं, नाहीतर पाणी नासतं. तुझ्या डब्यावर बारीक अक्षरात जे छापलं असेल ते मला वाचता येत नाही, पण यापेक्षा वेगळं काही छापलं असेल असं मला वाटत नाही. महिन्याभरात तिघांची पोटं बसली आणि रंग असा चढला की अंगावरचे पट्टे काजळासारखे दिसायला लागले. बा एकदा जेवताना म्हणाला, “या घरात मी मासा झालो आस्तो तर बरं झालं आस्तं. माझी भाजी कोन एवढी निवडत नाय.” आणि दुसरीकडे बघायला लागला.

तीन मासे ठणठणीत होते, पण तीनच होते. काकू यायच्या आदल्या दिवशी बा खाजणातून, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतून, आला आणि त्यानं डबा माझ्यापुढं ठेवला. आत एक छोटा मासा. चपटा, पट्टेरी, तेवढ्याच आकाराचा. खाजणाच्या उथळ पाण्यात सापडतात तसले. “घाल आत. चार होतील.” बानं तो कुठं कुठं फिरून शोधला असेल ते त्याच्या चिखलानं भरलेल्या गुडघ्यांवरून दिसत होतं. मी तो पेटीत सोडला. खरंच सांगते, मलाही दुरून ओळखू आला नाही. मी आयकडे बघितलं. मला वाटलं ती भडकेल, किंवा हो तरी म्हणेल. तिनं दोन्ही केलं नाही.

“मासे तुझ्या मैत्रिनीनं तुझ्याकडं ठेवले,” ती म्हणाली. “बोलले मी, पर ठेवले तुझ्याकडं. काय सांगायचं ते तू बघ.” आणि वलांडीवरचे बोंबील उतरवायला निघून गेली. जाताना तिनं डोळे पुसले की पदर सारखा केला ते मला दिसलं नाही.

काकू नाकाला पदर लावून आल्या. आमच्या गावात त्यांचं ते पहिलंच येणं. नाना, सुलभा आणि काकू, तिघं बैलगाडीतून उतरले. सुलभा धावत पेटीकडे. काकू वाळूत पाय बुडतो म्हणून साडी सावरत सावरत ओटीवर आल्या आणि आधी माशांसमोर उभ्या राहिल्या. बोट नाचवत त्यांनी मोजले. “एक, दोन... थांब रे बाबा जरा... तीन, चार.” पुन्हा मोजले, चारच. मग त्या आयकडे वळल्या आणि नाकावरचा पदर त्यांनी खाली घेतला. “मी तेव्हा बोलायला नको होतं हो,” त्या म्हणाल्या. “गाडीत सगळी वाट मला तेच खात होतं. चार दिले, चार परत. काय सुंदर ठेवलेत!”

बा वलांडीमागं उभा होता. आता मी गप्प बसले असते तर संपलं होतं सगळं, चांगल्या रीतीनं. काकू माफी मागत होत्या, आणखी काय हवं? पण माझ्यानं गप्प बसवेना. काकू रागावल्या असत्या त्याचं मला भय नव्हतं. त्या आयला चांगलं म्हणत होत्या, आणि आय ते खाली मान घालून ऐकत होती, जणू कुणी तिला शिव्या देतंय. ते मला बघवेना.

“तीनच आहेत,” मी म्हणाले. “चौथा खाजणातला आहे. तुमचा मेला.”

सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. “मेला? मग... त्याचं काय केलंत?”

“आयनं चिरला.”

श्रुती, त्या वेळच्या काकूंचा चेहरा मला अजून दिसतो. पदर परत नाकाकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. मग आय पुढं आली. बोंबलाचे हात तिनं लुगड्याला पुसले आणि काकूंच्या समोर मांडी घालून बसली. बाकी काही सांगण्याआधी ती म्हणाली, “खाल्ला नाय. आंब्याखाली पुरला. पर मारला मीच.” आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, राख, शेंडी, जवळा, चिमटी. घरात त्या दिवसाची बोय होती. ती आणून आयनं सगळ्यांसमोर तिचं आतडं काढून दाखवलं, आणि बाजूला एका मांदेलीचं, आखूड. काकूंनी एका हातानं नाक धरलं होतं, पण मान पुढं पुढं येत होती. नाना तर गुडघ्यांवर बसले. “म्हणजे लांब आतडं असेल तर पालेभाजीवाला?” त्यांनी शाळेतल्या मुलासारखं विचारलं.

“व्हय. पाला पचायला येळ लागतो ना, दादा. वाट लांब लागते.”

काकूंनी नाक सोडलं. “म्हणजे,” त्या सावकाश म्हणाल्या, “हा मासा आमच्यातला निघाला?”

“तुमच्याच पंगतीतला, काकू! आन् आमी त्याला बाटवला.”

आधी नाना हसले. मग काकू हसल्या, आणि हसता हसता त्यांना असा ठसका लागला की आयनं पाणी आणून दिलं. आमच्या तांब्यातलं, आमच्या हातचं. काकू ते प्यायल्या. तांब्या खाली ठेवताना त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या क्षणभर तांब्याकडेच बघत राहिल्या. आणि मग म्हणाल्या, “अजून घोटभर दे गं बाई.”

मग सुलभाला कागद काढायला लावला. आय सांगते आणि सुलभा लिहिते. शेवाळ रोज, माठ एक दिवसाआड, वाल आठवड्यातून दोनदा. करंदीपाशी काकू अडल्या. आमच्या घरात करंदी येणार नाही म्हणाल्या. आय म्हणाली, मी येते की पाटी घेऊन, मी तुमच्या खिडकीतून टाकीन, तुमी त्या वेळी देवळात जा. काकूंनी विचार केला आणि मान डोलावली. शेवटी आय म्हणाली, आठवड्यातून एक दिवस काहीच घालू नका, पोटाला इसावा लागतो. “गुरुवार लिही,” काकू सुलभाला म्हणाल्या, “माझा उपास असतो. मलाही सोबत होईल.” कणकेचं काय, असं सुलभानं विचारलं. काकू जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, “घाटावरचे मासे वेगळे, त्यांना वाहत्या पाण्यात बाकीचं मिळतं. इथं पेटीत कुठून मिळणार?” एवढी शहाणी बाई, इतके दिवस बंद खिडकीमागं बसली होती.

खाजणातला मासा बानं परत खाजणात नेऊन सोडला. मी बरोबर होते. सोडताना तो म्हणाला, “बरा दिसत होता पन आपला चौथा.” परत येताना त्यानं माझा हात धरला होता, आणि बारा वर्षांच्या मुलीचा हात बाप लोक आमच्याकडे धरत नसत.

ते तीन मासे पुढं काकूंकडे बरीच वर्षं होते. त्यातल्या दोघांनी जोडी जमवली आणि पिल्लं झाली, ती गावात कुणाकुणाला वाटली. आईबाप दोघं मिळून पिल्लं सांभाळतात, जवळ बोट नेलं तर अंगावर येतात, हे बघायला आय मुद्दाम वाट वाकडी करून जायची. माझ्या घरी मात्र पाळायला मासे पुन्हा आले नाहीत. लग्न, मुलं, पाटी, सगळं एकामागून एक आलं आणि राहिलं ते राहिलंच. म्हणून तुझा फोटो मी किती वेळ बघत होते ते तुला सांगून खरं वाटणार नाही.

तर आता ऐक. दोन दिवस त्यांना काही घालू नकोस, मरत नाहीत. मग पालक उकळत्या पाण्यातून काढून दे. काच सगळी घासू नकोस, मागची बाजू हिरवी राहू दे. आणि त्यांच्यातला एखादा गेलाच, तर मला सांग, लपवू नकोस, त्याचं पोट मला बघायचंय. सुलभा पुढच्या पंधरवड्यात यायची आहे. कऱ्हाडहून एकटी येते अजून, गुडघे दुखतात तरी. ती अजून मासा खात नाही, तिच्यासाठी मी वेगळा तवा ठेवलाय, त्यावर दुसरं काही कधी टाकलेलं नाही. तिला म्हटलंय, माझी नात मासे पाळते. म्हणाली, तिला बोलव, मला विचारायचंय ती काय घालते. तेव्हा तू ये. सुट्टी मिळत नाही म्हणून सांगू नकोस, एक रविवार काढ. बोईसरला उतरलीस की रिक्षावाल्याला नुसतं माझं नाव सांग, आणून सोडेल. आम्ही दोघी ओटीवरच बसलेल्या असू. लवकर ये गं, या वयात वाट बघायला बळ लागतं.